एकच निगेटिव्ह चार प्रकारच्या स्कॅनरांतून काढताना

स्कॅनरच्या खोक्यावरचा डीपीआयचा (इंचामागे किती ठिपके, त्याचा) आकडा हा बहुतेक वेळा सेन्सरवरच्या ठिपक्यांचा आणि मोटरच्या पावलांचा हिशेब असतो. भिंगातून प्रत्यक्षात किती तपशील पार होतो, ते तो सांगत नाही. म्हणून तुलनेला बसण्याआधी एवढंच ठरवलं, की कंपनीचा कुठलाच आकडा गृहीत धरायचा नाही. तेच तुकडे सगळ्या यंत्रांतून काढायचे आणि शेजारी शेजारी ठेवून बघायचं.

यंत्रं चार जातींची. फ्लॅटबेडमध्ये एप्सन व्ही८५०. खास फिल्म स्कॅनरमध्ये निकॉन कूलस्कॅन ५००० ईडी (फक्त ३५ मिमी) आणि ९००० ईडी (१२० फिल्मसुद्धा, म्हणजे मध्यम फॉरमॅटची रुंद फिल्म). फिल्म कमानीसारखी वाकवून वाचणारा हॅसलब्लाडचा फ्लेक्सटाइट एक्स५. आणि शेवटी ड्रम, म्हणजे फिल्म फिरत्या नळकांड्यावर बसवून वाचणारा स्कॅनर. कूलस्कॅन बंद होऊन बरीच वर्षं झाली, फ्लेक्सटाइट हॅसलब्लाडने २०१९ मध्ये थांबवला. म्हणजे यांतली बरीचशी यंत्रं आज वापरलेलीच मिळणार. तुलना करताना हे विसरून चालत नाही, कारण समोर असतं ते मॉडेल नसून त्या मॉडेलचा एक विशिष्ट, वापरून झिजलेला नग असतो.

तपासणीसाठी आधी यूएसएएफ १९५१ चा, बारीक होत जाणाऱ्या रेघांचा तक्ता लागतो. तो सहसा काचेवर क्रोमच्या थराचा मिळतो, आणि इथेच पहिली अडचण येते: फ्लेक्सटाइटमध्ये नमुना वाकवावा लागतो, काच वाकत नाही. ड्रमचंही तेच. त्यामुळे तक्ता फिल्मवर छापलेला घ्यावा आणि तोच सगळीकडे वापरावा. सोबत डेन्सिटी, म्हणजे फिल्म किती प्रकाश अडवते ते, मोजायला पायऱ्यांची पट्टी. स्टॉफरची २१ पायऱ्यांची पट्टी ३.०५ पर्यंतच जाते. स्लाइडच्या गडद सावल्या तपासायच्या तर ४ च्या आसपास पोचणारी ४१ पायऱ्यांची पट्टी बरी. आणि खरे फ्रेम: गडद सावल्या असलेली वेल्विया ५० ची स्लाइड, पोर्ट्रा ४०० चं निगेटिव्ह, ट्राय-एक्सचं कृष्णधवल निगेटिव्ह, आणि मुद्दाम निवडलेली, आडवी वळलेली एक १२० ची पट्टी. हा शेवटचा तुकडा सगळ्यात जास्त बोलका ठरतो.

स्कॅन करण्याआधी शार्पनिंग सगळीकडे बंद करायचं. हे वाटतं तितकं सोपं नाही. एप्सनच्या सॉफ्टवेअरमध्ये अनशार्प मास्क आपोआप चालू असतो, तो खूण काढून बंद होतो. फ्लेक्सकलर या फ्लेक्सटाइटच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र शार्पनिंगची पट्टी शून्यावर ठेवली तरी थोडं शार्पनिंग होतच राहतं. ते खरंच बंद करायचं तर आकडा उणे १२० वर न्यावा लागतो. ‘फ्लेक्सटाइटचे स्कॅन जात्याच धारदार’ ही ख्याती काही अंशी या शून्यामुळे पसरली आहे असं माझं मत. उणे १२० वरचा स्कॅन पाहिला की कौतुक थोडं उतरतं, सगळं उतरत नाही.

तक्ता वाचायचा कसा? तक्त्यावर गट आणि घटक असतात. ज्या घटकातल्या तीन रेघा शेवटच्या सुट्या दिसतात तो धरायचा. मिलिमीटरमागे लाइन पेअर (एक काळी आणि एक पांढरी रेघ मिळून एक जोडी) किती, ते दोनचा घात काढून कळतं: घात म्हणजे गटाचा क्रमांक अधिक (घटक उणे एक) भागिले सहा. गट ५, घटक ४ म्हणजे ४५.२५. एका पेअरला दोन ठिपके, इंचाला २५.४ मिमी, गुणाकार केला की साधारण २३०० डीपीआय. आडव्या आणि उभ्या रेघा वेगवेगळ्या वाचाव्या लागतात, कारण एक दिशा सेन्सरची असते आणि दुसरी मोटरची. दोन्हींतला कमी आकडा खरा मानायचा. आणि रेघा मोजायच्या! मर्यादेच्या पलीकडे गेलं की तीनच्या जागी दोनच रेघा स्वच्छ दिसू लागतात. तो तपशील नसतो, नुसता भास असतो.

व्ही८५० ला ६४०० डीपीआयवर चालवून वाचता आलं ते गट ५, घटक ४ पर्यंत, म्हणजे २३०० च्या आसपास. लिहिलेल्याच्या निम्मंही नाही. तरी ६४०० वर काढून मग निम्म्यावर, म्हणजे ३२०० वर आणणं थेट ३२०० वर काढण्यापेक्षा किंचित सरस दिसतं. फाइल मात्र वाट बघायला लावते. कूलस्कॅन ५००० वर लिहिलंय ४००० आणि तो तिथे जवळजवळ पोचतो, गट ६ च्या दुसऱ्या घटकापर्यंत. फ्लेक्सटाइट ३५ मिमीवर ८००० म्हणतो. पण त्याच्या सेन्सरवर एका ओळीत ८००० ठिपकेच आहेत, आणि ते फिल्मच्या रुंदीवर पसरतात. १२० ला त्याचे ३२०० होतात, ४ बाय ५ इंचाच्या शीटला २०४०. म्हणजे मध्यम फॉरमॅटवर कागदोपत्री निकॉन ९००० पुढे आहे, ४००० विरुद्ध ३२००. प्रत्यक्षात काय झालं ते पुढे येतं.

आधी फिल्ममध्ये किती आहे ते बघू. फुजीच्या माहितीपत्रकात वेल्विया ५० साठी १०००:१ कॉन्ट्रास्टला मिलिमीटरमागे १६० रेघा दिल्यात, पण १.६:१ ला ८०. खऱ्या दृश्यातले बारकावे, पानं, कापडाचा पोत, केस, हे दुसऱ्या आकड्याच्या जवळचे असतात. ८० लाइन पेअर म्हणजे चार हजारपेक्षा किंचित जास्त डीपीआय. त्यात लेन्सचा दोष, हात हलणं, फोकस चुकणं आलं. त्यामुळे ३५ मिमीवर ४००० च्या पुढे जे वाढतं तो बहुधा ग्रेनचा, म्हणजे फिल्मच्या दाणेदारपणाचा, नीटसपणा असतो, चित्राचा तपशील फार थोडा. तिपाईवरून, एफ/८ ला, संथ फिल्मवर काढलेला फ्रेम असेल तर गोष्ट वेगळी.

डेन्सिटीच्या आकड्यांची गंमत तर आणखी आहे. कूलस्कॅन ५००० ची डी-मॅक्स, म्हणजे वाचता येणारी सगळ्यात गडद डेन्सिटी, ४.८ लिहिलेली असते, धाकट्या कूलस्कॅन व्ही ची ४.२. कुठून आले हे आकडे? १६ बिटमध्ये ६५,५३६ पायऱ्या होतात, त्याचा दहाच्या पायावरचा लॉग ४.८. १४ बिटमध्ये १६,३८४, लॉग ४.२. फिल्म न लावताच काढलेला हिशेब! पायऱ्यांच्या पट्टीवर पाहायचं ते वेगळं: शेजारच्या दोन पायऱ्या खडखडाटातून, म्हणजे नॉइझमधून, वेगळ्या निघतात का. दर ०.३ डेन्सिटीला प्रकाश निम्मा होतो. व्ही८५० वर तीनच्या पुढे पायऱ्या एकमेकींत विरघळू लागतात. निगेटिव्हला त्याने काही बिघडत नाही, कारण रंगीत निगेटिव्ह सहसा तीनच्या आतच राहतं. वेल्वियाच्या सावल्या मात्र ३.५ च्या वर जातात, तिथे फ्लॅटबेडमध्ये चिखल होतो. कूलस्कॅनला तीच ओळ १६ वेळा वाचायला लावता येतं. नॉइझ चौथ्या हिश्शावर येतो आणि वेळ त्याच मानाने वाढतो. चार वेळा वाचून नॉइझ निम्मा होतो आणि बहुतेक स्लाइडला तेवढं पुरतं.

आता त्या वळलेल्या १२० पट्टीकडे. माझ्या मते तुलनेचा खरा निकाल इथेच लागतो. कूलस्कॅनच्या आत एलईडीचा प्रकाश आणि बऱ्यापैकी उघडं भिंग आहे, त्यामुळे फोकसची खोली फार कमी. फिल्म मध्यात थोडी जरी फुगली तरी मध्य धारदार आणि कोपरे लोण्यासारखे. तपासायचं असं: मध्यावर फोकस करून एक स्कॅन, कोपऱ्यावर फोकस करून दुसरा. दोन्हींतला तोच कोपरा १०० टक्क्यांवर शेजारी ठेवा. फरक ओळखू आला की फिल्म सपाट नाही. बिनकाचेच्या एफएच-८६९एस होल्डरमध्ये दोन्ही कडा चिमटीत धरून पट्टी बाजूंना ताणता येते. घट्ट बसवायची, मग हलकेच ताण द्यायचा, आणि फोकसचा बिंदू मध्य आणि कोपऱ्याच्या अधल्यामधल्या जागी ठेवायचा. तरी हट्टी पट्टी ऐकत नाही. मग काचेचा एफएच-८६९जी. काच आली की फिल्म सपाट होते, पण धूळ बसायला चार पृष्ठभाग वाढतात आणि न्यूटनच्या कड्यांचं दुखणं सुरू होतं. ही इंद्रधनुषी वर्तुळं फिल्मची गुळगुळीत पाठ काचेला जवळजवळ चिकटते तिथे उमटतात. इमल्शनची, म्हणजे चित्राच्या थराची, बाजू किंचित खडबडीत असते, तिथे ती सहसा येत नाहीत. म्हणून खरवडलेली काच गुळगुळीत बाजूला हवी. इमल्शन कुठलं ते ओळखायला फिल्मच्या कडेवरची अक्षरं बघावीत: उलटी दिसली तर इमल्शन आपल्याकडे.

फ्लेक्सटाइटने याच दुखण्यावर मुळात घाव घातलाय. फिल्म दोन लवचीक चुंबकी पत्र्यांमध्ये बसते आणि यंत्र तो होल्डर कमानीवरून ओढत नेतं. कागदाची पट्टी एका दिशेने वाकवली की दुसऱ्या दिशेने ती ताठ होते, तसंच. कमानीच्या माथ्यावरची एकच ओळ भिंगाला दिसते आणि ती सरळ असते. मध्ये काच नाही, आरसा नाही. त्यामुळे ३२०० चा फ्लेक्सटाइट स्कॅन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकसारखा येतो, आणि बिनकाचेच्या होल्डरमधल्या ४००० च्या निकॉनशेजारी ठेवला तर कडेला फ्लेक्सटाइट जिंकतो. काचेच्या होल्डरमध्ये तीच पट्टी बसवली की निकॉन पुन्हा बरोबरीला येतो, मध्यात थोडा पुढेही. वाद घालणाऱ्यांचे होल्डर वेगवेगळे असतात, म्हणून त्यांचे निष्कर्षही वेगळे.

फ्लेक्सटाइटमध्ये चुकतं ते असं. पट्टी होल्डरच्या खिडकीपेक्षा थोडी तिरकी बसली की कडेला काळी पाचर येते. सुटा कापलेला फ्रेम धरायला जागाच उरत नाही आणि त्याची टोकं उचलली जातात. माउंटमधली स्लाइड असेल तर माउंट काढूनच घ्यावी, नाहीतर कमानीचा सगळा फायदा वाया.

व्ही८५० ला ऑटोफोकस नाही. त्याच्या होल्डरला उंचीचे पाच टप्पे आहेत आणि कारखान्यातून आलेला टप्पा तुमच्या नगाला बरोबर असेलच असं नाही. पाचही टप्प्यांवर तक्ता काढावा, सगळ्यात धारदार टप्पा सापडला की पायाखाली कागदाचा एक पापुद्रा सारून अजून सुधारतंय का ते बघावं. यात एक संध्याकाळ जाते, पण पुन्हा करावं लागत नाही. आत दोन भिंगं आहेत: होल्डरमधल्या फिल्मसाठी ६४०० चं, काचेवर थेट ठेवलेल्या फिल्मसाठी ४८०० चं. सॉफ्टवेअरमध्ये होल्डरऐवजी एरिया गाइडचा, म्हणजे काचेवर थेट ठेवलेल्या फिल्मचा, पर्याय चुकून निवडला, की सगळे स्कॅन मऊ येतात आणि माणूस उंची बदलत बसतो.

धुळीच्या बाबतीत निकॉन आणि एप्सन एका बाजूला, फ्लेक्सटाइट आणि ड्रम दुसऱ्या. डिजिटल आइस म्हणजे इन्फ्रारेडचा चौथा चॅनल: रंगीत फिल्मचे रंग त्याला पारदर्शक, धूळ आणि ओरखडे अपारदर्शक. त्यातून डागांचा नकाशा मिळतो आणि सॉफ्टवेअर तेवढीच जागा भरतं. ट्राय-एक्सवर हे चालवलं तर चित्राचीच चाळण होते, कारण चांदी इन्फ्रारेडही अडवते. यंत्राला सगळं चित्रच धूळ वाटतं. कोडाक्रोमच्या स्लाइडवरही घोळ होतो, त्यासाठी ९००० मध्ये वेगळी सोय होती. इलफर्डची एक्सपी२ कृष्णधवल असली तरी सी-४१ ची, म्हणजे रंगीत निगेटिव्हच्याच प्रक्रियेची आहे, तिच्यावर आइस नीट चालतं. फ्लेक्सटाइटमध्ये इन्फ्रारेड नाहीच. जे काही आहे ते सॉफ्टवेअरचं अनुमान. म्हणजे १२० च्या एका फ्रेमचे डाग हाताने काढायला अर्धा तास सहज जातो. कोणी शेकडो कौटुंबिक रंगीत निगेटिव्ह काढायला बसणार असेल, तर त्याला मी फ्लेक्सटाइट सुचवणार नाही.

कृष्णधवलात निकॉनचा आणखी एक स्वभाव दिसतो. त्याचा प्रकाश बऱ्यापैकी समांतर, एकाच दिशेने येणारा. चांदीचे कण असा प्रकाश विखुरतात, त्यामुळे कॉन्ट्रास्ट आणि ग्रेन दोन्ही वाढून दिसतात, ओरखडेही उठून दिसतात. हाच कॅलियर परिणाम. ट्राय-एक्स कूलस्कॅनमध्ये खडबडीत आणि फ्लॅटबेडमध्ये मवाळ दिसते ती यामुळे. मिनोल्टाच्या ५४०० मध्ये ग्रेन डिझॉल्व्हर नावाची प्रकाश पसरवणारी पट्टीच होती.

९००० आणि त्याच्या आधीचा ८००० एका वेळी तीन ओळी वाचतात. तिन्हींची संवेदनशीलता तंतोतंत जुळली नाही की आकाशासारख्या सपाट भागात बारीक पट्टे येतात. सुपर फाइन स्कॅन चालू केलं की एकच ओळ वापरली जाते, पट्टे जातात आणि वेळ साधारण तिप्पट होतो. सगळ्या फ्रेमना लावायची गरज नाही. आकाश, धुकं, स्टुडिओचा पडदा असेल तिथेच.

रंगीत निगेटिव्हमध्ये स्कॅनरांपेक्षा पद्धतीचा फरक मोठा. नारिंगी मास्क निळा प्रकाश खातो. सगळ्या चॅनलना सारखं एक्सपोजर दिलं तर निळा चॅनल उपाशी राहतो आणि नंतर ओढताना नॉइझ येतो. व्ह्यूस्कॅन या स्कॅनिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमबाहेरचा कोरा, नारिंगी भाग निवडून प्रिव्ह्यू घ्यायचा, लॉक एक्सपोजर लावायचं, पुन्हा प्रिव्ह्यू, मग लॉक फिल्म बेस कलर. त्या रोलभर हीच कुलपं राहू द्यायची, नाहीतर एकाच रोलमधले शेजारचे दोन फ्रेम दोन ऋतूंमधले वाटतात. कोरा भाग निवडताना स्प्रॉकेटचं भोक आत आलं तर सगळं बिघडतं, कारण भोकातून प्रकाश थेट येतो. मशीनमशीनमध्ये तुलना करताना तर आपोआप रंग लावणारे पर्याय बंद करून १६ बिटची सरळ, न उलटवलेली फाइलच काढावी आणि सगळ्या फाइली एकाच पद्धतीने उलटवाव्यात. एरवी आपण स्कॅनर नव्हे, सॉफ्टवेअरची चव तपासत असतो.

ड्रम ही वेगळीच रीत. सेन्सरच्या जागी फोटोमल्टिप्लायर, म्हणजे अंधुक प्रकाशही वाढवून टिपणाऱ्या नळ्या, आणि एका वेळी प्रकाशाचा एकच बिंदू. आजूबाजूचा उजेड सावलीत सांडत नाही, त्यामुळे वेल्वियाच्या काळ्या भागात ड्रम जे दाखवतो ते बाकी कोणी दाखवत नाही. फिल्म ॲक्रिलिकच्या ड्रमवर द्रवात बसवतात: ड्रम पुसायचा, एक कड टेपने धरायची, द्रव सोडायचा, फिल्म हळूहळू टेकवत न्यायची, वर पारदर्शक मायलारचा पापुद्रा, बुडबुडे एका बाजूने बाहेर ढकलायचे, कडा बंद करायच्या. द्रवाने पाठीवरचे बारीक ओरखडे भरले जातात आणि बरेचसे दिसेनासे होतात. बुडबुडा राहिला तर तिथे डोळ्यासारखं वर्तुळ उमटतं. हे द्रव लवकर पेट घेतात, खोली हवेशीर हवी. दुसरी मेख छिद्राची, म्हणजे प्रकाश ज्यातून नळीपर्यंत जातो त्या भोकाची. ४००० डीपीआयला एका ठिपक्याची रुंदी ६.३५ मायक्रॉन येते. निगेटिव्हला छिद्र त्याहून बारीक ठेवलं की ग्रेन खोटाच फुगतो. एक पायरी मोठं छिद्र घेतलं की शांत होतो. चालवणाऱ्याला हे कळत नसेल तर महागडा ड्रमही वाईट स्कॅन देतो.

कॅमेऱ्याने निगेटिव्ह टिपणाऱ्यांसाठी एकच हिशेब: २४ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम (३६ बाय २४ मिमी) सेन्सर आणि १:१ मॅक्रो धरला तर ३५ मिमीला सुमारे ४२३० डीपीआय होतात, एका क्षणात. बेयरच्या जाळीमुळे (सेन्सरवरच्या रंगीत फिल्टरांमुळे) रंगाचा तपशील त्याहून कमी, आणि आइस नाही.

फाइलींचा आकार आधीच डोक्यात असावा. ३६ बाय २४ मिमी, ४००० डीपीआय, १६ बिट: ५६६९ बाय ३७८० ठिपके, १२९ मेगाबाइट. ६ बाय ६ चा फ्रेम ४००० ला ४६७ मेगाबाइट, ३२०० ला ३००. तुलनेसाठी मोठी फाइल लहान करू नये, लहान फाइल मोठीच्या मापाला आणावी. नाहीतर मोठीत जे जास्त होतं तेच आपण फेकून देतो. ३५ मिमीचा ४००० चा स्कॅन ३०० पीपीआयला ४८ बाय ३२ सेंटिमीटर छापला जातो. त्या मापाच्या प्रिंटवर, हातभर अंतरावरून, कूलस्कॅन आणि फ्लेक्सटाइट ओळखता आले नाहीत. व्ही८५० ओळखू आला. १२० वर, त्याच मापाला, तोही ओळखू आला नाही.

वापरलेलं यंत्र घेताना विकणाऱ्याकडून सुंदर स्कॅन मागू नये, वाकडे मागावेत. स्लाइडची काळीकुट्ट कड आणि तिला लागून पांढरा भाग असलेला स्कॅन: उजेड काळ्यात धुक्यासारखा सांडत असेल तर कूलस्कॅनच्या आतल्या आरशावर धूळ बसली आहे. तो आरसा समोरच्या पृष्ठभागावर मुलामा दिलेला असतो, कापडाने पुसला तर कायमचा ओरखडतो; आधी हवेचा फुगा, मग लागलंच तर लेन्सचा कागद, दाब न देता. दुसरा, फिल्म न लावता काढलेला कोरा स्कॅन, लेव्हल्स ताणून: उभी रेघ दिसली तर सेन्सरवर काहीतरी आहे. होल्डर नीट मोजून घ्यावेत, एफएच-८६९जी सुटा शोधणं स्कॅनर शोधण्याइतकंच अवघड. निकॉन स्कॅन ४ हे निकॉनचं मूळ सॉफ्टवेअर आजच्या संगणकांवर नीट चालत नाही, पण व्ह्यूस्कॅन किंवा सिल्व्हरफास्टने काम भागतं. फ्लेक्सटाइटचं तसं नाही. फ्लेक्सकलर ३२ बिटचा आहे आणि २०१९ च्या मॅकओएस कॅटलिनापासून ३२ बिटचे प्रोग्रॅम चालत नाहीत, वर फायरवायर ही जुनी जोडणी हवी. म्हणून फ्लेक्सटाइट घेताना ज्या जुन्या मॅकवर तो चालतो आहे, तो मॅकही केबलसकट सोबत मागून घ्यावा, आणि घरी आणल्यावर तो अपडेट करू नये.